प्रतिनिधी कोणाचा?

लिओ वराडकर 14 जून 2017 रोजी आयर्लंडचे ‘टीशक’, म्हणजे पंतप्रधान, झाले तेव्हा ‘मराठी माणूस युरोपच्या राजकारणात पोचला’ असा सूर महाराष्ट्रात सर्वत्र उमटला. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मूळचे मालवण तालुक्यातील वराडचे असल्याने तो आनंद स्वाभाविकच होता. परंतु रक्ताच्या नात्याने असा नेता आपलाही प्रतिनिधी ठरतो, हा त्यातून निघणारा पक्ष टिकणारा नाही. प्रतिनिधी ज्यांनी पाठवले त्यांना बांधील असतो, आणि डब्लिनमध्येच जन्मलेल्या वराडकरांना पाठवले होते ते ‘डब्लिन वेस्ट’च्या मतदारांनी.

आता एक आक्षेप असा, की मुंबईच्या निम्म्याहूनही कमी वस्तीच्या देशाचा नेता ब्रुसेल्सला जाऊन हजेरी लावण्यापलीकडे काय करणार? युरोपीय परिषद, म्हणजे सदस्य देशांच्या प्रमुखांचे मंडळ, सहसा सर्वसंमतीने निर्णय घेते, म्हणून तेथे लहान देशालाही वजन असते, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. कारण नकाराधिकार हाती असणे वेगळे आणि आपले दुखणे इतरांच्या गळी उतरवणे वेगळे.

ते दुखणे होते सीमेचे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडताच आयर्लंड आणि ब्रिटनच्या ताब्यातील उत्तर आयर्लंड यांच्यामधील सुमारे 500 किलोमीटरच्या, 1998 च्या शांतता करारानंतर पुसट झालेल्या हद्दीवर जकातनाके पुन्हा उभे राहण्याचा धोका होता. बार्शीकराला हे फोड करून सांगावे लागू नये. 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीला आलेली लाइट रेल्वे पुढे लातूरपर्यंत गेली ती निजामाच्या मुलखात, आणि ज्या हद्दीपलीकडच्या मालावर बार्शीची पेठ पोसली गेली, तिच्यावर निजामाची ‘करोडगिरी’, म्हणजे सीमाशुल्क, होती. एकाच बोलीच्या, सोयरिकीच्या मुलखातून गेलेली हद्द नकाशावर बारीक दिसते. 1947-48 मध्ये रझाकारांच्या भयाने ती ओलांडून आलेल्यांना ती तशी वाटली नसावी.

ऑक्टोबर 2018 मध्ये ब्रुसेल्समधील भोजनाच्या वेळी वराडकरांनी एक वृत्तपत्र सोबत नेले आणि सहकारी नेत्यांना दाखवले. 1972 साली न्यूरीच्या जकातनाक्यावर झालेल्या, नऊ जणांचा बळी घेणाऱ्या स्फोटाची हकिगत त्यात होती. यात नाट्य होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कलमे आणि परिशिष्टे वाचून थकलेल्या मंडळींना जकातनाका म्हणजे काय, हे एका पानाने कळवणे, हेही वकिलीचेच काम.

त्यांच्या ताठरपणामुळे ब्रिटनच्या बाहेर पडण्याचा करार अडला, असे टीकाकार म्हणत. ‘बॅकस्टॉप’, म्हणजे दुसरा तोडगा निघेपर्यंत सीमा खुली ठेवण्याची हमी, तिच्यावरून ब्रिटिश संसदेत करार वारंवार फेटाळला गेला, हे खरेच. मात्र 10 ऑक्टोबर 2019 रोजी लिव्हरपूलजवळ ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याशी बोलताना याच गृहस्थाने बॅकस्टॉपचा हट्ट सोडला आणि आठवडाभरात करार झाला. तपासणी ब्रिटनकडून येणाऱ्या मालाची, उत्तर आयर्लंडच्या बंदरांवर व्हायची ठरली. जमिनीवरची सीमा मोकळी राहिली. ताठरपणा तेवढ्यापुरताच होता. त्याच डिसेंबरात ते वराडला येऊन गेले, तेव्हा गावाने त्यांचे स्वागत केले ते घरचा मुलगा म्हणून, आणि तेवढे नाते त्या गावाला पुरेसे होते.