माती तीन वर्षांत कळत नाही



हवामानबदल क्षेत्रातील करिअरवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मातीतला कार्बन, नत्राचे चक्र, जंगलांतून सुटणारे वायू यांवर संशोधन करणाऱ्यांना म्हणे आता सुगीचे दिवस! लेखकाने यांपैकी एकाचे तरी नेमणूकपत्र पाहायला हवे होते. ‘नेमणूक निव्वळ तात्पुरती असून प्रकल्प संपताच आपोआप संपुष्टात येईल’ अशा अर्थाची ओळ त्यात ठरलेली. आणि प्रकल्प किती वर्षांचा? बहुतेक वेळा तीन.

तीन वर्षांत मातीचे काय कळते? भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खतप्रयोग १९७० च्या दशकापासून चालू आहेत. त्यातल्या हिमाचलमधील पालमपूरच्या प्रयोगात नुसते नत्र दिलेल्या वाफ्यांत आधी मका-गहू येत होता. वर्षानुवर्षे युरिया पडत राहिला, माती आम्ल होत गेली आणि शेवटी तिथे पीकच येईना. रासायनिक खताला शेणखताची जोड दिलेल्या वाफ्यांत मात्र उत्पादन टिकले. हाच प्रयोग तीन वर्षांत गुंडाळला असता, तर ‘युरियाने भागते’ असा अहवाल देऊन सगळे मोकळे झाले असते!

हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ पासून हवाईत मोजणाऱ्या चार्ल्स कीलिंग यांनाही १९६४ मध्ये निधीअभावी काही काळ मोजणी थांबवावी लागली. त्यांच्या जगप्रसिद्ध आलेखात ती फट आजही दिसते. त्यांच्या आलेखात एक फट आहे. आपल्याकडे फटींमधून अधूनमधून आलेख डोकावतो.

माझी पुतणी सह्याद्रीतल्या मातीतून पावसाळ्यात किती वायू बाहेर पडतात, ते मोजत होती. प्रकल्प संपला, जंगलातली उपकरणे उचलली गेली, पुढचे पावसाळे मोजायला कुणी उरले नाही. आज ती तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. कनिष्ठ संशोधकांची मासिक विद्यावृत्ती १ जानेवारी २०२३ पासून ३१ हजारांवरून ३७ हजार झाली, हे खरे. पण हातात पडेल तेव्हा ना! तिच्या संस्थेत दिवाळीचे पैसे शिमग्याला मिळत. तोवर खोलीचे भाडे, नमुन्यांच्या पिशव्या, वडापचे पैसे, सगळे घरून. ज्यांच्या घरी देणारे कुणी नाही, त्यांनी हे संशोधन करूच नये, असे धोरण असेल तर तसे जाहीर तरी करावे.

वर ‘पीएचडी करून काय दिवे लावणार’ हा प्रश्न आपल्या विधिमंडळातही विचारून झाला आहे. माझाही एक प्रश्न आहे. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा गाजावाजा झाला. त्या खड्ड्यांतली किती झाडे जगली, हा वाद बाजूला ठेवू. जी जगली, त्यांच्याखालच्या मातीत कार्बन वाढला की घटला? हे सांगायला तेच ठिकाण, तीच खोली, तीच पद्धत धरून वर्षानुवर्षे नमुने घेणारा माणूस लागतो. रोपांना आणि फलकांना पैसे मिळतात, पण या माणसाचे पद मंजूर करायचे म्हटले की तिजोरीत खडखडाट.

नवी अभियाने नकोत, नवी केंद्रे नकोत. कृषी विद्यापीठांतल्या मृदाशास्त्राच्या रिक्त जागा आधी कायमस्वरूपी भरा आणि निरीक्षणाचे प्रकल्प किमान दहा वर्षांसाठी मंजूर करा. राहता राहिली आपली पुरवणी. पुढच्या वेळी प्रत्येक ‘संधी’समोर पद कायम की कंत्राटी, एवढा एक रकाना छापावा.

– एक वाचक, सातारा