शाळा पाचला सुटते, मैदानालाही पाचलाच कुलूप

सहा-सात वर्षांच्या मुलाला शाळा सुटल्यावर कुठे पाठवायचे, हा प्रश्न वाशिमसारख्या जिल्ह्यात पूर्वी कुणी विचारत नव्हते. दप्तर ओट्यावर पडले की पोरगं गल्लीत. अंधार पडल्यावर आईने दारातून हाक मारायची आणि पोराने तिसऱ्या हाकेला घरी यायचे, एवढीच व्यवस्था होती. आता मात्र वाशिम शहरातल्या नव्या ले-आउटपासून कारंजा, रिसोड, मंगरूळपीरपर्यंत पालक एकमेकांना विचारतात, ‘लहान मुलासाठी चांगला क्लास कोणता?’ उत्तरात कराटे, स्केटिंग, डान्स, नाहीतर क्रिकेट अकादमी येते. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातल्या गावात, तांड्यावर तेही उत्तर नाही. तिथे मोबाइल आहे.

आमचे म्हणणे असे की प्रश्नच थोडा चुकीचा विचारला जातो. या वयाच्या मुलाला रोज धावायला क्लास लागत नाही. जागा लागते, बरोबरीची पोरं लागतात आणि लक्ष ठेवणारे एखादे-दुसरे मोठे माणूस लागते. जागा आणि पोरं जवळपास प्रत्येक गावात आहेत. अडते ते तिसऱ्यावर, आणि शाळेच्या फाटकावरच्या कुलपावर.

रोज किती खेळायला हवे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल, घाम येईल अशी हालचाल करायला हवी. ३ आणि ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून १८० मिनिटे, आणि त्यातली ६० मिनिटे जोराची. २ ते ४ वर्षांच्या मुलांनी बसून मोबाइल-टीव्ही पाहण्याचा वेळ एका तासापेक्षा जास्त नको, असेही २०१९ च्या सूचनांमध्ये म्हटले आहे.

आता हिशेब करा. आठवड्यातून दोन दिवस, एक-एक तासाचा क्लास लावला तर दोन तास झाले. गरज सात तासांची. शिवाय क्लासचा तास म्हणजे हालचालीचा तास नव्हे. वीस मुले, एक जाळी आणि एक प्रशिक्षक असेल तर फलंदाजीचा नंबर तासाभरात जेमतेम तीन मिनिटांसाठी येतो. उरलेला वेळ मूल पॅड बांधून रांगेत उभे. पालक बाहेर मोटारसायकलवर बसून समाधानी, की पोरगं खेळायला गेलं.

बाहेर खेळण्याचा आणखी एक फायदा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, तो डोळ्यांचा. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. काही शाळांनी रोजच्या वेळापत्रकात ४० मिनिटांचा मैदानावरचा तास वाढवला, काहींनी नेहमीचेच वेळापत्रक ठेवले. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांमधल्या ३९.५ टक्के मुलांना जवळदृष्टीचा दोष आला, म्हणजे लांबचे अंधुक दिसू लागले. मैदानाचा तास वाढवलेल्या शाळांत हे प्रमाण ३०.४ टक्के राहिले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुद्दा व्यायामापेक्षा उजेडाचा आहे. दिवसाच्या मोकळ्या प्रकाशात घालवलेला वेळ डोळ्याला जपतो. घरातल्या ट्रेडमिलने किंवा हॉलमधल्या डान्स क्लासने तो भरून निघत नाही.

संध्याकाळ गेली कुठे?

थोडी सूर्याने नेली. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा पाचच्या सुमारास सुटतात. मे-जूनमध्ये वाशिमला सूर्य सातच्या आसपास मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला मात्र पावणेसहाच्या आतच. म्हणजे हिवाळ्यात, ऊन सौम्य आणि हवा खेळायला सर्वांत चांगली असते तेव्हा, हातात उजेडाचा जेमतेम पाऊण तास. तेवढ्यात मूल घरी पोहोचायचे, हातपाय धुवायचे, काहीतरी खायचे. झाला अंधार. उन्हाळ्यात उजेड भरपूर, पण पाच वाजताही अंगण तव्यासारखे तापलेले असते.

उरलेली संध्याकाळ शिकवणीने नेली. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी जिल्ह्यातल्या शाळेत दरवर्षी जास्तीत जास्त ८० जागा. परीक्षा पाचवीत असताना होते, पण तयारी तिसरीपासून सुरू होते. शिष्यवृत्तीची धावपळ वेगळी. शेतीचे दर आणि पाऊस यांच्यावर कुटुंब सोडायला न धजणाऱ्या आईबापाला नवोदयची जागा म्हणजे पोराच्या आयुष्याची सोय वाटते. त्यात त्यांचे काही चुकत नाही. चुकते ते आठ वर्षांच्या मुलाला दहा ते पाच शाळा, साडेपाच ते साडेसात शिकवणी असे बसवून ठेवण्यात. मोठा माणूस एवढे सलग बसला तर त्याची कंबर धरते.

सोयाबीनच्या हंगामात गोष्ट आणखी वेगळी. सोंगणीच्या दिवसांत आईवडील दिवस मावळेपर्यंत वावरात असतात. घरी आजी असेल तर ठीक, नसेल तर मोबाइल हीच आजी. मुलगी असेल तर तिच्या वाट्याला धाकट्या भावंडाला सांभाळणे येते. त्याच गल्लीत भाऊ क्रिकेट खेळतो आणि ती कडेवर बाळ घेऊन पाहत उभी राहते. लहान मुलांच्या खेळाबद्दल बोलताना हे चित्र आपण सहसा पाहतच नाही.

शहरातली अडचण जागेची. ले-आउट पाडताना सोडलेली ओपन स्पेस कागदावर आहे. प्रत्यक्षात तिथे कुठे बाभळी, कुठे बांधकामाची रेती, कुठे चारचाकी. गल्लीत खेळायचे तर वाहनांचा वेग वाढलेला. अकोला-वाशिम-हिंगोली मार्गाला लागून राहणाऱ्या कोणत्या आईची छाती होईल, सहा वर्षांच्या पोराला एकटे बाहेर सोडायची? वाशिमला जिल्हा क्रीडा संकुल आहे, पण जे मूल एकटे रस्ता ओलांडू शकत नाही, त्याच्यासाठी दोन किलोमीटरवरचे संकुल मुंबईइतकेच लांब.

शाळेकडे मैदान आहे, शिकवायला माणूस नाही

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवे आणि प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य हवे, असे स्पष्ट लिहिले आहे. पण त्याच परिशिष्टात शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद फक्त सहावी ते आठवीसाठी आहे, आणि तीही त्या वर्गांची पटसंख्या १०० च्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला खेळ शिकवणारा स्वतंत्र माणूस कायद्यानेच मागितलेला नाही. ज्या वयात धावणे, उडी मारणे, तोल सांभाळणे, फेकणे-झेलणे पक्के होते, ते सगळे वय वर्गशिक्षकावर. तोच मराठी शिकवतो, गणित शिकवतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो आणि ऑनलाइन माहितीही भरतो. खेळाच्या तासिकेला तो मुलांना ‘जा, खेळा’ म्हणत असेल तर त्याला दोष देऊ नये. राज्याने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला, पण एका शनिवारावर आठवडा निघत नाही.

म्हणून शाळेच्या वेळेत हे होईल, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. शाळा सुटल्यावर तेच मैदान रिकामे पडते, तिथे पाहायला हवे.

कुलूप उघडणार कोण?

मुख्याध्यापक कुलूप लावतात त्याला कारण असते. संध्याकाळी मैदानात दारूच्या बाटल्या फुटतात, नळाच्या तोट्या जातात, खिडक्यांच्या काचा राहत नाहीत. मूल पडले तर जबाबदार कोण, हा प्रश्न पहिल्यांदा त्यांनाच विचारला जाईल. ही भीती खोटी नाही. पण मैदान रात्रभर उघडे ठेवा, असे कुणी म्हणत नाही. पाच ते साडेसहा, जबाबदार माणसाच्या हाती किल्ली, नंतर पुन्हा कुलूप.

हा निर्णय कुणाच्या मर्जीवर सोडण्याचेही कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. समितीची बैठक बहुतेक पालकांना सहीपुरती ठाऊक असते. तिथेच हा विषय मांडता येतो. किती वाजता उघडायचे, किल्ली कुणाकडे, कोणत्या दिवशी कोण थांबणार, हे ठरवून इतिवृत्तात लिहून घ्यावे. ग्रामपंचायतीकडून एक दिवा आणि पिण्याच्या पाण्याची टाकी मागावी. क्रीडांगण विकासासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत अनुदानाची योजनाही आहे. मात्र अनुदान येईपर्यंत थांबू नये. लंगडीला चुन्याची फक्की पुरते.

लक्ष ठेवायला माणूस कुठून आणायचा? तो गावात आधीच आहे. पोलीस भरती आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली रोज संध्याकाळी रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. त्यांना धावायला मैदान हवे आहे, शाळेला माणूस हवा आहे. त्यांच्यापैकी दोघांनी आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास लहान मुलांना दिला तर बदल्यात त्यांना मैदान मिळेल. सोबत पाळीपाळीने एक आई किंवा आजोबा हवेतच. एकटा मोठा माणूस आणि लहान मुले, असे कधीही ठेवू नये. हा कुणावर संशय नाही, सगळ्यांच्याच सोयीचा नियम आहे.

पहिल्या दिवशी मुलांच्या आधी मोठ्यांनी मैदान चालून पाहावे. काच, खिळे, उघडा चेंबर, मोकाट कुत्री. जवळ कठडा नसलेली विहीर किंवा शेततळे असेल तर तिकडची बाजू बंद झालीच पाहिजे. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याचा काठ इतका निसरडा असतो, की पोहता येणारालाही बाहेर पडणे जड जाते.

खेळ कोणते?

ज्यात सगळे एकाच वेळी धावतात, ते. लंगडी, साखळी, विष-अमृत, लगोरी, टिक्कर. आट्यापाट्याही मैदान छोटे आखून खेळता येतो. खो-खोची सध्या हवा आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवले आणि दोन्हींचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. पण लहान मुलांना मोठ्यांच्या नियमांनी खो-खो खेळवू नये. त्यात आठ जण बसतात आणि एकच पाठलाग करतो. चार-चारचे गट करा, पाळ्या छोट्या ठेवा. तांड्यावरच्या मुलांना होळीची लेंगी येते. ती रोज वीस मिनिटे नाचली तरी भरपूर घाम निघतो, आणि त्यात मुलीही मागे राहत नाहीत.

या खेळांना कमी लेखण्याचे कारण नाही. कारंज्याहून दीड तासावर असलेल्या अमरावतीत १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली होती. आपल्याच वऱ्हाडातली ही गोष्ट आहे.

मल्लखांब आणि पोहणे मात्र या यादीत बसत नाहीत. ते शिकलेल्या माणसाच्या हाताखालीच, खाली गादी किंवा पाण्यात दुसरे माणूस असेल तेव्हाच.

पैसे देऊन क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी एक पूर्ण तास बाहेर उभे राहून पाहा. मोबाइलवर वेळ लावा आणि एकच मूल निवडून ते किती मिनिटे हलते, तेवढे मोजा. तीस मिनिटांच्या आत असेल तर दुसरा क्लास शोधा. पालकांना पाहू न देणाऱ्या क्लासला मूल पाठवू नका. दर तीन महिन्यांनी बेल्टच्या परीक्षेची फी किती, हेही आधीच विचारा. आणि आठ वर्षांच्या आतल्या मुलाला एकाच खेळात जुंपण्याची घाई नको. या वयात हातपाय सगळीकडे वळायला हवेत.

नोव्हेंबर ते जानेवारी उजेड कमी पडतो, त्यावरही उपाय आहे. त्या तीन महिन्यांत पहिली ते चौथीची खेळाची तासिका दिवसातली शेवटची ठेवावी. वेळापत्रकातला एवढा बदल मुख्याध्यापकांच्या हातात आहे. साडेचारला मैदानावर आलेली मुले पाचच्या घंटेनंतर तिथेच राहतील, आणि ज्यांना शिकवणीला जायचे आहे त्यांचाही अर्धा तास खेळून झालेला असेल.