आमची गल्ली कितवी?

कोल्हापुरात एखाद्याला ‘राहायला कुठं?’ असे विचारले आणि त्याने ‘राजारामपुरी’ म्हटले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘कितवी?’ कितवी म्हणजे कितवी गल्ली. आमच्या गल्ल्यांना थोरांची नावे नाहीत की फुलांची नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी अशा त्या सरळ ओळीने मोजलेल्या आहेत. संस्थानच्या काळात राजाराम महाराजांच्या नावाने ही वसाहत आखली गेली, तेव्हा आखणाऱ्याच्या हातात फूटपट्टी आणि तोंडात पाढे असावेत. माझी गल्ली कितवी ते मात्र आज सांगणार नाही. शेजाऱ्यांशी बोलणे अजून व्हायचे आहे, आणि ते त्यांनी दिवाळी अंकात वाचावे हे बरे नव्हे.

आमचे घर १९५८ सालचे. वडील शाळामास्तर होते. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या गल्लीतली बहुतेक घरे उभी राहिली. कुणी मास्तर, कुणी कचेरीतला कारकून, कुणी वकील, कुणी लेथवर काम करता करता स्वतःचा छोटा कारखाना काढलेला. घरे एकाच वळणाची: दगडी पाया, विटांच्या भिंती, शहाबादी फरशी, वर मंगळुरी कौले, पुढे हातभर बाग आणि कमरेएवढी कंपाउंडची भिंत. ती भिंत कमरेएवढी का, असे मी लहानपणी वडिलांना विचारले होते. ते म्हणाले, “उंच बांधायला पैसे नव्हते.” पुढे आयुष्यभर त्या भिंतीवर कोपरे टेकून शेजाऱ्यांशी बोलताना मी पाहिले, की पैसे नसल्याचे काही फायदेही असतात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सारी गल्ली अंथरुणे गुंडाळून रस्त्यावर आली होती. आमच्या माजघराच्या दारावर त्या पहाटेची एक तिरकी चीर आहे. वडिलांनी ती दोनदा बुजवली आणि ती दोन्ही वेळा परत आली. तिसऱ्यांदा त्यांनी तिच्यावर कॅलेंडर टांगले. आज तिथे कितवे कॅलेंडर आहे कोण जाणे.

या घरात राहण्याचे सुख कशात होते, हे आम्हाला राहत असताना कधी कळले नाही. ते होते पायांत. पिठाची गिरणी, वाणी, शिंपी, डॉक्टर, शाळा, मारुतीचे देऊळ, सगळे चालत. स्टेशन परीख पुलाखालून पलीकडे गेले की आलेच. बागल चौकातून निघालो तर गप्पा मारत अर्ध्या तासात बिंदू चौक. तिथे महात्मा फुले आणि डॉक्टर आंबेडकर यांचे पुतळे आहेत. ते १९५० च्या डिसेंबरात उभे राहिले, आंबेडकर हयात असताना. त्यात पुढाकार भाई माधवराव बागलांचा. वडील मला तिथे नेऊन हे सांगत आणि परत येताना बागल चौक आला की विचारत, “हा चौक कुणाच्या नावाचा?” इतिहासाचा तास असा दोन चौकांच्या मध्ये चालता चालता होई. १९६१ च्या शिरगणतीत गावाची वस्ती दोन लाखांच्या आत होती, तर २०११ च्या शिरगणतीत ती साडेपाच लाखांच्या घरात गेली. गाव चहूबाजूंनी लांब गेले. राजारामपुरी होती तिथेच राहिली आणि त्यामुळे न हलता मध्यावर येऊन बसली.

मध्यावरच्या जागेला काय मोल असते हे आम्हाला उशिरा कळले. बांधकामवाल्यांना आधीच कळले होते.

पण त्याआधी आईबद्दल सांगितले पाहिजे.

आईला काचबिंदू होता. लक्षात आला तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या आठ-नऊ वर्षांत तिला उजेड आणि सावली एवढेच कळे. तरी ती दर शनिवारी मारुतीला एकटी जाई. काठी हातात, पिशवी खांद्याला आणि ओठांवर आकडे. फाटकापासून कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत दोनशे अकरा पावले. गिरणीची घरघर आणि पिठाचा वास आला की उजवीकडे वळायचे. मग गटारावरचा हलणारा दगड, मग बेकरीतल्या खारीचा वास, मग शिंप्याची हाक: “काकू, आज उशीर केलासा!” डोळ्यांनी जे दिसत नव्हते ते सारी गल्ली तिला कानांनी, नाकाने आणि तळपायांनी दाखवत होती. आम्ही घाबरत असू. ती म्हणे, “रस्ता नवा असेल तर माणूस चुकतं. हा रस्ता मी तीस साली... नव्हे, अठ्ठावन सालापासून चालत्येय.” माहेरच्या रस्त्याची आणि सासरच्या रस्त्याची तिची अशी गल्लत व्हायची, पण पाऊल कधी चुकले नाही.

२०१४ साली शेजारचे घर पडले. पडले म्हणजे पाडले. मुले परगावी, म्हातारा-म्हातारी थकलेली, कौले गळणारी. त्यांनी दिले यात मी त्यांना दोष देत नाही. एका सकाळी गल्लीत वाळूचा ढीग पडला. दुसऱ्या दिवशी खडी आली, तिसऱ्या दिवशी सळ्या आल्या. अर्धा रस्ता त्यांनी घेतला, उरलेल्या अर्ध्यात वाहने.

पहिल्याच शनिवारी आई निघाली आणि पाच मिनिटांत परत आली. साडीच्या निऱ्यांना वाळू लागली होती. म्हणाली, “पावलं चुकली.” पुढच्या शनिवारी पुन्हा निघाली, फाटकाशी थांबली, काठीने समोर चाचपले आणि आत येऊन खुर्चीवर बसली. तिसऱ्या शनिवारी तिने पातळ बदललेच नाही.

मी म्हटले, “आई, मी स्कूटरवरून नेतो ना तुला.”

ती म्हणाली, “तू नेशील रे. पण मी गेले असं नाही ना होत ते.”

वाचकहो, मी त्या बांधकामवाल्याकडे गेलो नाही. आज इतक्या वर्षांनी कबूल करायचे तर वाळू दहा हात पलीकडे सरकवा एवढेच सांगायचे होते. पण शेजाऱ्यांशी वाकडे कशाला, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, असे मी स्वतःला समजावले. चार महिन्यांची दोन वर्षे झाली. इमारत पुरी झाली तेव्हा मोटारी आत नेण्यासाठी केलेला सिमेंटचा उतार रस्त्यात चार फूट पुढे आलेला होता. २०१७ साली आई गेली. मधल्या काळात मी तिला स्कूटरवरून पुष्कळदा देवळात नेले. ती मुकाट्याने बसे, दर्शन घेई आणि मुकाट्याने परत येई. तिच्या ओठांवर आकडे मात्र मी पुन्हा पाहिले नाहीत.

आता गेल्या श्रावणापासून आमच्याच फाटकाशी एक गृहस्थ येऊ लागले आहेत. तरुण आहेत, बोलण्यात गोड आहेत, कोल्हापूरचेच आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी मला २०२० सालची राज्याची एकत्रित विकास नियमावली समजावून दिली. चटईक्षेत्र म्हणजे काय, ते केवढे वाढते, आमच्या वाट्याला किती फ्लॅट येतील, सगळे कागदावर. माझे घर मला इतके मोठे कधी दिसले नव्हते.

सौ.चे गुडघे गेले आहेत. कौलांना दरसाल माणूस मिळत नाही. मिळाला तर आमच्या वासांवर चढायला तयार होत नाही. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणते, “बाबा, लिफ्ट असलेलं घर घ्या आणि मोकळे व्हा.” तिचे खोटे नाही. शेजारच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या आजी रोज लिफ्टने उतरतात आणि देवळात जातात. सिमेंटचा उतार आला की नातीचा हात धरतात एवढेच. इमारत वाईट असते असे मी म्हणत नाही. या जागी पूर्वी उघडा माळ होता आणि वडिलांनी पहिला दगड ठेवला तेव्हा तिथे गुरे चारणाऱ्या कुणाची तरी वाट मोडली असेलच.

एका रात्री जेवणे झाल्यावर सौ. म्हणाली, “अहो, द्यायचं की नाही हे नंतर बघू. द्यायचं तर कसं द्यायचं, ते लिहून काढा.” तिनेच वाण्याच्या बिलाच्या पाठीमागे लिहिले. एक: वाळू, खडी, सळ्या आमच्या हद्दीच्या आत, रस्त्यावर एक घमेलेही नाही. दोन: आत जायचा उतार आमच्या जागेत, रस्त्यात नाही. तीन: पुढची भिंत कमरेएवढी. चार: फाटकाबाहेरचा दगडी कट्टा आहे तसा राहील; येणाऱ्या-जाणाऱ्याने बसावे.

गृहस्थांनी कागद वाचला. फ्लॅट, पैसे, मुदत यांवर त्यांच्यापाशी दहा उत्तरे तयार असत. इथे ते जरा थांबले.

“काका, तीन नि चार जमवू. दोनचंही बघू. पण वाळू रस्त्यावर न्हाई टाकायची तर टाकायची कुठं? समदीच टाकत्यात.”

“मलाही तेच विचारायचं होतं,” मी म्हणालो, “पण मी दहा वर्षं उशीर केला.”

त्यांना अर्थातच काही कळले नाही. तेव्हा मी त्यांना आईची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. मग म्हणाले, “आतल्या बाजूनं काम काढलं तर खर्च वाढतोय. हिशेब करून सांगतो.” पाडव्यापर्यंत आमचे उत्तर हवे म्हणून ते आले होते, आता आम्ही त्यांच्या उत्तराची वाट पाहत आहोत.

शिवाय एकटा मी सही करून भागणारही नाही. घर वडिलांच्या कमाईचे. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अक्काचा त्यात माझ्याइतकाच वाटा आहे. कायदा नसता तरी त्या घरावर तिचा हक्क आहे; आईला पहिल्यांदा पावले मोजून देणारी तीच.

भाऊबिजेला अक्का मिरजेहून येते. परवा मी फोन केला आणि घर, गृहस्थ, बिलाच्या पाठीमागची चार कलमे, सगळे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “स्टेशनवर स्कूटर घेऊन येऊ नकोस. परीख पुलाखालून चालत येते मी. गिरणीपासून फाटकापर्यंत मोजायचंय.”

“गिरणी बंद झाली अक्का,” मी म्हटले.

“माहीत आहे. कोपरा आहे ना?”

कोपरा आहे. आज सकाळी मी जाऊन पाहून आलो.