कोपीतली रात्र आणि करारातली ओळ

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत नोव्हेंबर लागला की कोप्या उभ्या राहू लागतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा असे सहकारी कारखाने आणि त्यांच्या जोडीला खासगी. एवढ्यांचा ऊस तोडायला बीड, अहिल्यानगर, परभणी, जळगावकडून माणसे येतात. बांबू, चटया, वर पाचट नाहीतर प्लॅस्टिकचा कागद. आत शिरायचे तर कमरेत वाकावे लागते. जागा असेल आठ बाय दहा फूट. तेवढ्यात चूल, बाजरीचे पोते, पत्र्याची पेटी, पाण्याचे हंडे, कोयते, वाकळा. आणि नवरा-बायको, दोन-तीन लेकरे, कधी सोबत सासूही. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, हेच घर.

या कोपीबद्दल आपल्या चळवळीत फारसे बोलले गेलेले नाही. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल बोलले गेले, आणि ते बोलायलाच हवे होते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आकडा हादरवणारा होता, म्हणून सगळे हादरले. पण त्यातून बाई आपल्याला दिसली ती फडात आणि दवाखान्यात. रात्री नऊपासून पहाटे चारपर्यंत ती कुठे असते, कोणाकोणाला कुशीत घेऊन असते, हा प्रश्न कोणाच्या अहवालात ठळकपणे आला नाही.

मी तीन हंगाम या तळांवर जाते आहे. पहिल्या हंगामात मी काय सांगत होते ते प्रामाणिकपणे लिहिते, कारण तुमच्यापैकी अनेकजणी आजही तेच सांगत असतील. मी सांगत होते, लेकरांना इथे आणू नका, गावी ठेवा, वसतिगृहात घाला. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात आम्हाला ‘स्थलांतर आणि शिक्षणाची गळती’ शिकवलेली होती. उत्तर तयार होते. एका तळावर एकीने मोळ्या बांधता बांधता विचारले, “ताई, तुमचं लेकरू किती वर्साचं?” मी म्हटले, चार. “मग आता कुठं ठिवलंय?” मी म्हटले, पाळणाघरात, संध्याकाळी जाऊन घेऊन येते. ती म्हणाली, “म्हंजे रातच्याला तुमच्याजवळच हाये की. आमचं मातर तिकडं ठिवा म्हंता.”

मला उत्तर देता आले नाही. अजूनही येत नाही.

शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलांसाठी आणि मुलींसाठी मिळून ८२ वसतिगृहांची योजना काढली. त्याआधीपासून हंगामी वसतिगृहे होती. नव्वदच्या दशकात स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांवर साखरशाळा चालवल्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलांना जवळच्या शाळेत घालायचे असे ठरले आणि साखरशाळा मागे पडल्या. यातले काहीही वाईट नाही. पण हे सारे शाळकरी लेकरांचे झाले. अंगावर पिणारे, दोन वर्षांचे, चार वर्षांचे लेकरू कोणत्या वसतिगृहात घालायचे? ते आईबरोबरच येणार. आणि आले की एक तर उसाच्या सरीत पाचटावर झोपणार, नाहीतर झोळीत, नाहीतर कोपीत आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात राहणार. आज बारामती-इंदापुरातल्या तळांवर जे पाळणाघर चालते ते ही बहीण चालवते. तिची शाळा का सुटली याचे कारण शोधायला निराळा अभ्यासगट नको.

आता रात्रीविषयी. एका बैठकीत पुरुष बैलांना वाढे घालायला गेले होते. बोलता बोलता एकजण खाली बघत म्हणाली, “पोरगी दहाची झाली. ती जागी असती आन झोपल्याचं सोंग करती. मी बी सोंग करती.” बाकीच्या हसल्या नाहीत. थोड्या वेळाने दुसरी म्हणाली, नाही म्हणलं की आवाज होतो, आवाज झाला की लेकरं उठत्यात, म्हणून गप ऱ्हायचं.

मैत्रिणींनो, आपण संमती या शब्दावर शिबिरे घेतो. या बाईचा नकार नुसत्या नवऱ्याच्या जबरदस्तीने दडपलेला नाही. तो जागेनेही दडपलेला आहे. मध्ये एक चटईचा आडोसा असता तर नवरा सुधारला असता असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण पोटच्या मुलीदेखत गप्प राहण्याची पाळी तरी आली नसती. हीच आई दोन-तीन वर्षांनी मुलीच्या लग्नाची घाई करते. आपण जाऊन तिला अठरा वर्षांचा कायदा सांगतो. ती म्हणते, गावी एकटी ठेवू का? की या कोपीत, दाराला कडी नाही तिथे ठेवू? शिवाय लग्न झाले की नवरा-बायकोचा एक कोयता होतो, उचल मिळते. बालविवाहाच्या मुळाशी अज्ञान आहे असे पोस्टरवर छापणे सोपे. तळावर मला अज्ञान कमी आणि हिशेब जास्त दिसला.

‘कोयता’ हा शब्दच बघा. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि पूर्ण कोयता म्हणजे जोडपे. पैसे घेतो नवरा, अंगठा त्याचा, फेडायचे मात्र दोघांनी. बाईने एक दिवस लेकरू आजारी म्हणून कोपीत राहायचे ठरवले तर खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत चढतो. म्हणजे लेकराजवळ बसण्याची किंमत कोणीतरी ठरवून ठेवलेली आहेच. ती फक्त आईकडून वसूल होते.

कायद्यांना हा प्रश्न सुचला नव्हता असेही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. १९५१ च्या कायद्याने चहा-कॉफीच्या मळ्यांवर पाळणाघर दिले, घरेही दिली; ऊस त्या यादीत नव्हता. १९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. म्हणजे बीडची बाई कर्नाटकात गेली तर स्थलांतरित, इंदापुरात आली तर नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर साधी सोय लिहिली होती: कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरे असली की त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचे आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यायची. जुन्या कामगार कायद्यांची जागा नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितांनी घेतली आहे. तळावर मात्र मला अजून चटया आणि पाचटच दिसते.

कारखान्याच्या शेतकी ऑफिसात गेले की ठरलेले उत्तर मिळते: हे आमचे कामगार नाहीत, मुकादमाचे आहेत. मग तोड कोणत्या फडात लावायची, गाडी कधी काट्यावर यायची, हे कोण ठरवते? जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती देणार कोण होते? दरासाठी मालक आणि लेकरासाठी परका, असे चालणार नाही.

दुसरी अडचण घरातली आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातून जातो. पाळणाघराचा खर्च वाढला तर तोही तिथूनच कापला जाईल, असे आमच्याच बचत गटातल्या एका बागायतदारणीने सांगितले. तिचे म्हणणे खोटे नाही. तिच्याही घरात बिलावर तिचे नाव नसते. पण तिच्याच बांधावर कोप्या पडतात, आणि हंड्याभर पाण्यासाठी तोडणीवाल्या बाईला मोटारीपाशी ताटकळत ठेवणारीही कधी कधी आपल्यातलीच असते. बहीणभाव इथे तपासला जातो.

दराच्या करारात दर असतो, मुकादमाचे कमिशन असते. कोपी आणि लेकरू त्यात यायला हवे. आडोसा आणि कडी असलेली, जमिनीपासून उंच जागा; न्हाणी, संडास, दिवा; बाईच्या नावाने वेगळा हिशेब आणि वेगळे खाते; आणि प्रत्येक टोळीमागे एक बाई लेकरांजवळ, पूर्ण मजुरीवर, खाडा न धरता. कोणी म्हणेल, अशाने आपण स्थलांतरालाच मान्यता देतो. गावी पाणी आणि काम मिळावे म्हणून लढूच. पण ते मिळेपर्यंत या हंगामातले लेकरू दोन वर्षांचे आहे, आणि ते थांबत नाही.

या मागण्यांचा मसुदा आम्ही तळावर वाचून दाखवला. पाळणाघराची वेळ मी ‘सकाळी नऊ ते सायंकाळी पाच’ अशी लिहिली होती; अंगणवाडीपेक्षा जास्तच, असे मला वाटले होते. मघाशी जिने माझ्या लेकराची चौकशी केली होती तीच म्हणाली, “ताई, नऊला आमची निम्मी गाडी भरलेली असती. चार लिवा.” तिथेच खोडून चार लिहिले.