ओळखीची रेघ

एकत्र कुटुंबातील भांड्यांचे फडताळ उघडून पाहावे, म्हणजे त्या घराचा निम्मा इतिहास तेथेच वाचावयास मिळतो. तांब्यापितळेच्या, आणि अलीकडे स्टीलच्या, भांड्यांवर काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव, प्रसंग व तारीख घातलेली असते. हा तांब्या कोणाच्या मुंजीतला, ती वाटी कोणी आहेर केली, हे विचारावे लागत नाही. पुढे घर वाटले तरी भांड्यांवरून तंटा होत नाही. परंतु त्याच स्वयंपाकघरातील लाकडी डाव, पळी, पेला अगर काठवट पाहावी, तर ती निनावी! चाळीस वर्षे एकाच हाताने ढवळून ज्याची कड एका अंगाने झिजली आहे, असा डाव त्या हातामागे अडगळीत जातो, कारण तो कोणाचा हे सांगणारे त्यावर काही नसते. म्हणून लाकडी पळ्यापेल्यांवर बारीक रेघेची नक्षी उमटविण्याच्या कलेविषयी या वेळी दोन शब्द लिहावयाचे योजिले आहे.

लाकडाचे पात्र आपल्या परंपरेने कधीही हलके मानलेले नाही. श्रौतसूत्रांनी स्रुवा खैराची, जुहू पळसाची, उपभृत् पिंपळाची व ध्रुवा विकंकताची असावी असे काष्ठ नेमून दिले आहे. सोमयागातील चमस, म्हणजे सोमपानाचे पेले, हेही लाकडाचेच. ते निरनिराळ्या ऋत्विजांचे असल्याने त्यांचे दांडे वेगवेगळ्या आकारांचे करीत, हेतू हा की एकाचा चमस दुसऱ्याच्या हाती जाऊ नये. ऋग्वेदातील ऋभू हे मूळचे मर्त्य, सुधन्व्याचे पुत्र. त्वष्ट्याने घडविलेल्या एका चमसाचे त्यांनी चार केले, आणि अशा हस्तकौशल्याच्या बळावर ते देवपदास चढले. पेला घडविणाऱ्यास याहून मोठा सन्मान कोणत्या वाङ्मयाने दिला असेल?

ओळखीची ही गरज सर्व देशांत सारखीच. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचे 'मेरी रोझ' नावाचे लढाऊ जहाज १५४५ साली पोर्टस्मथजवळ बुडाले, ते १९८२ साली वर काढण्यात आले. त्यातील खलाशांच्या लाकडी वाडग्यांवर व थाळ्यांवर सुरीने ओढलेल्या खुणा सापडल्या आहेत. अक्षरशत्रू खलाशीसुद्धा आपला वाडगा दोन आडव्यातिडव्या रेघांनी ओळखीत असे. नक्षीचा जन्म शोभेच्या आधी ओळखीसाठी झाला, असे यावरून म्हणावेसे वाटते.

या खुणेस कलेचे रूप दिले ते उत्तर युरोपातील लोकांनी. तिकडील सामी लोक बर्च वृक्षाच्या गाठी कोरून पेले करितात, आणि नॉर्वेमध्ये पळ्यांवर जी बारीक नक्षी काढतात तिला 'कोलरोसिंग' म्हणतात. 'कोल' म्हणजे कोळसा, आणि 'रोसिंग' म्हणजे सजविणे. यात लाकूड मुळीच काढून टाकावयाचे नसते. सुरीच्या टोकाने तंतू केवळ दुभंगावयाचे, आणि त्या केसाएवढ्या फटीत कोळशाची, झाडाच्या सालीची किंवा कॉफीची पूड चोळावयाची. रंग वरून लावलेला नसून आत बसलेला असतो, त्यामुळे तो धुण्याघासण्याने लवकर जात नाही.

आमच्या कळंब्याकडे बर्च कोठून मिळणार? परंतु सह्याद्रीत कुडा आहे. त्याची साल अतिसारावरील औषध म्हणून आपणांस ठाऊक आहेच. त्याचे लाकूडही पांढुरके, मऊ व बारीक पोताचे असल्याने कोरीव कामास योग्य ठरते. शिसव किंवा खैर येथे चालणार नाही, काळसर लाकडावर काळी रेघ दिसणार कशी?

पळी पूर्ण वाळलेली व गुळगुळीत घासलेली असावी. पेन्सिलीने फिकट आकृती काढून घ्यावी. आखूड व तीक्ष्ण टोकाची सुरी बोरूप्रमाणे पात्याजवळ धरावी, आणि अर्ध्या मिलिमीटरहून खोल जाऊ नये. तंतूंना आडवी रेघ सहज उमटते. तंतूंच्या दिशेने जाताना मात्र सुरी भलतीकडे पळू पाहते, तेथे हात हलका ठेवावा. वळण घेताना सुरीऐवजी पळीच फिरवावी. मग वस्त्रगाळ कॉफीची पूड बोटाने चोळून, वरचेवर बारीक काचकागद फिरवावा आणि जवसाचे तेल लावावे. तेलाने तंतू फुगून पूड आत धरली जाते, व जवसाचे तेल स्वतः सुकते. शेंगदाण्याचे सुकत नाही, त्यास पुढे खवट वास येतो. हळद भरण्याचा मोह आवरावा. ती उन्हाने उडते आणि साबण लागताच तांबडी होते. नक्षी दांड्यावर अगर पेल्याच्या बाहेरच्या अंगास असावी. जेथे अन्न किंवा ओठ लागतो तेथे एकही रेघ नको.

आकृतीसाठी दूर जाणे नको. उंबऱ्यावरचे गोपद्म, लुगड्याच्या पदरावरील कोयरी, तुळशीचे पान ही रांगोळीत व वस्त्रांत रोजच दिसतात. घरातील प्रत्येक बिऱ्हाडाने एकेक खूण ठरविली, तर अक्षरओळख नसलेले पोरही आपला पेला बिनचूक उचलील. मुले कर्कटकाने शाळेच्या बाकांवर नावे कोरितात, ती मी उभ्या नोकरीत पाहिली आणि त्याबद्दल शिक्षाही केल्या. नाव ठेवून जाण्याची ती इच्छा वाईट नसते, जागा तेवढी चुकलेली असते. दहाबारा वर्षांच्या मुलास वडील माणसाच्या देखरेखीखाली हे काम खुशाल शिकवावे.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. धातूच्या भांड्यावर बहुधा देणाऱ्याचे नाव असते, अथवा घरधन्याचे. त्यातील अन्न जिने शिजविले तिचे नाव क्वचितच आढळते. लाकडी डावावर खूण घालावयाची ती तो डाव हाती धरणारीची असावी. तेव्हा सुरी हाती घेण्यापूर्वी स्वयंपाकघरात जाऊन, तुम्हांला कोणती खूण आवडेल, एवढे त्यांना विचारावे. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसण्याचा संभव फार आहे.