खारीचा वाटा

व्हिडिओ गेमचा विषय साहित्यचर्चेच्या दारात आला की आपल्याकडे दोनच सूर लागतात : मुले बिघडली, किंवा मुलांना रमू द्या. पोकेमॉनच्या स्पर्धात्मक खेळाविषयी आम्हाला हे दोन्ही सूर अपुरे वाटतात. या खेळात लढाईइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्वाची असते ती संघाची बांधणी. आणि बांधणी हा तर आपल्या आस्थेचा विषय.

भाषेतील चिन्हाचे मूल्य परस्परसंबंधांतून ठरते हे सांगताना सोस्यूरने बुद्धिबळाचा दाखला दिला, हे आपण वर्गात शिकतो आणि शिकवतो. पण बुद्धिबळात दोघांनाही सोळा मोहरे सारखेच मिळतात. इथे मोहरेही खेळाडूनेच निवडायचे. शेकडो प्राण्यांतून सहा घ्यायचे. प्रत्येकाला चार डाव, एक अंगभूत गुण आणि जवळ बाळगायला एखादी वस्तू द्यायची. प्राण्यांचे अठरा प्रकार, आणि कोणाचा वार कोणाला किती लागेल याचा हिशेब ठरलेला. विजेचा वार पाण्यातल्या प्राण्याला दुप्पट लागतो, जमिनीच्या प्राण्याला लागतच नाही.

नवशिका खेळाडू सहा बलाढ्य प्राणी गोळा करतो आणि हरतो. आम्हा भिवंडीकरांना याचे नवल वाटू नये. यंत्रमागावर ताण्याचा धागा सतत ओढ आणि घासणी सोसतो, म्हणून त्याला खळ लावून बळकट करतात. बाण्याकडून तेवढ्या सोसण्याची अपेक्षाच नसते. म्हणून बाणा कमी प्रतीचा, असे कोणी विणकर म्हणत नाही. (आपले कित्येक प्रातिनिधिक काव्यसंग्रह मात्र नुसत्या ताण्याचे असतात. असो.)

याचे सर्वांत बोलके उदाहरण 2014 सालचे. वॉशिंग्टन येथील जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क विजेता ठरला, तेव्हा त्याच्या संघात पाचिरिसू नावाची खार होती. तिच्या सहा मूळ क्षमतांची बेरीज 405; त्याच संघातल्या गारचॉम्पची 600. सामने दोघांविरुद्ध दोघे असे. अशा सामन्यात या खारीचे मुख्य काम म्हणजे शेजाऱ्यावर येणारा वार स्वतःवर ओढून घेणे. संघातला गायराडोस पाण्याचा आणि आकाशाचाही, त्यामुळे विजेचा वार त्याला चौपट लागतो. खारीच्या अंगी मात्र वीज शोषून तिनेच बरे होण्याचा गुण. गायराडोसचा काळ खारीचे औषध झाला. सेतुबंधाच्या कथेतल्या खारीचे आपण कौतुक करतो, पण तिच्यावाचूनही सेतू झाला असता हे मनात धरूनच. पाचिरिसूबद्दल तसे म्हणता येणार नाही.

शिवाय त्या हंगामात कालोस प्रदेशाच्या यादीतलेच प्राणी घेण्याची मुभा होती. पुढच्या वर्षी नियम बदलले. म्हणजे ती निवड एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर होती. हे लक्षात न घेता विजेत्याची यादी उतरवून घेण्याची रीत आज सर्रास आहे. पोकेमॉन शोडाउन या मोफत संकेतस्थळावर तर संपूर्ण संघ मजकुराच्या रूपात मिळतो. उचलला आणि चिकटवला की झाले. त्या मजकुरातले आकडेही बोलके असतात : समोरच्या एखाद्या ठरावीक प्राण्याचा ठरावीक वार जेमतेम सोसता यावा, एवढ्याच बेताने पुष्कळदा ते ठरवलेले असतात. यादी हाती येते, ज्या वारासाठी तो बेत केला तो वार दिसत नाही. गाइडमधली उत्तरे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याशी याचे नाते सांगायला नकोच.

नकलेतूनच माणूस शिकतो, हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे आणि काही अंशी मान्यही आहे. उसना संघ घेऊन शंभर सामने हरणाऱ्याला कुठला प्राणी कशासाठी घेतला होता ते हळूहळू उमगते. पण तो उसन्या संघालाच दोष देत दुसरी यादी शोधू लागला, तर शंभर सामन्यांनीही काही साधत नाही. म्हणून पद्धत उलटी असावी असे आमचे मत आहे. रसग्रहणाच्या तासाला एकदा ही सहा नावे फळ्यावर लिहावीत, त्यांचे डाव आणि गुण समजावून सांगावेत, मग पाचिरिसू पुसून तिथे तिच्या दीडपट ताकदीचा कुठलाही प्राणी घालावा आणि विद्यार्थ्यांना विचारावे : आता गायराडोसचे काय?