धांदलीचा आठवडा आणि उघडे डोळे

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की आमच्या खैरलांजी परिसरात कोणासही उसंत मिळत नाही. बांधीतील धान कापून झालेले असते, खळ्यावर पुंजणे उभे असतात आणि चुरण्याची घाई चाललेली असते. धान वाळवावयाचे, वारवावयाचे, पोत्यांत भरून खरेदी-केंद्रावर न्यावयाचे. त्यातच अर्धवार्षिक परीक्षेचा अभ्यास आणि आठवड्याच्या शेवटी नाताळ! अशा वेळी एखादा मुलगा हातात चमत्कारिक खापर घेऊन आला, तर 'टाक ते, आधी पोते धर' एवढेच उत्तर त्यास मिळते. कामाच्या रगाड्यात ते स्वाभाविकही आहे. परंतु आमच्या मते ते उत्तर बदलले पाहिजे. कारण शोध लागतात ते बहुधा कामाच्या वाटेवरच.

याचा दाखला दूर शोधावयास नको. आपल्याच बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया या गावी १८७० साली गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीतून डोकावणारा धातूचा एक तुकडा दिसला. तेथे खणले असता तांब्याची ४२४ हत्यारे व उपकरणे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे हाती आले. तांब्याचेच वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो भरले! विद्वान हा ठेवा सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील मानतात. त्यांतील काही वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, तर काही नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. ती मुले उत्खननास निघाली नव्हती, ती आपले रोजचे काम करीत होती. त्यांचे डोळे मात्र उघडे होते!

ज्यांच्या शिवारात तांबे सापडत नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. शब्दही सापडतात. 'नाताळ' हा शब्दच पाहा. पोर्तुगीज भाषेतील 'नाताल' या शब्दावरून तो आपल्या भाषेत आला. त्याचा अर्थ जन्माचा दिवस. आमचे हिंदी भाषिक शेजारी याच सणास 'बडा दिन' म्हणतात. परंतु पंचांग उघडले तर हा दिवस वर्षातील अत्यंत लहान दिवसांपैकी एक! २१-२२ डिसेंबरला आपल्याकडे सूर्य जेमतेम पावणेअकरा तास क्षितिजावर असतो आणि त्यानंतर दिनमान वाढू लागते.

याच दिवसांत एक मौज खळ्यावर उभे राहूनही पाहता येईल. एक सरळ काठी जमिनीत उभी रोवावी आणि दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास तिची सावली मोजावी. सावली जवळजवळ काठीएवढीच भरेल! आपले गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेएकवीस अंशांहून थोडे अधिक दूर आहे आणि सूर्य त्या दिवशी विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे साडेतेवीस अंशांवर असतो. दोहोंची बेरीज पंचेचाळीस होते, म्हणून माध्यान्हीचा सूर्य आकाशात बरोबर अर्ध्या उंचीवर दिसतो. या प्रयोगास पाच मिनिटे लागतात आणि पैसा एकही लागत नाही.

खळ्यावर तर शोधांची शाळाच भरलेली असते. आपल्या जिल्ह्यातील सुवासिक चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु ते मिळण्यापूर्वी कितीतरी पिढ्यांनी चुरण्याच्या धांदलीतही चांगले बियाणे निवडून बाजूस ठेवले, म्हणूनच तो वाण आज आपल्या हाती आहे. आपल्या आजीला विचारा, पूर्वी बांधीत कोणकोणते धान होत असे? तिने सांगितलेली नावे आज लिहून घेतली नाहीत, तर ती तिच्याबरोबरच जातील.

कोणी म्हणेल, 'अशा उद्योगांनी पोट भरते काय?' नाही भरत, हे आम्ही मान्य करतो. पोते आधी उचललेच पाहिजे, परीक्षाही दिलीच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की पोते उचलताना डोळे मिटण्याची गरज नाही. आणि जे सापडेल ते लपवू नये, वितळवू नये, विकूही नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे हे सापडणाऱ्याचे कर्तव्य आहे. गुंगेरियाची हत्यारे त्या वेळी भट्टीत गेली असती, तर आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचे पहिले पानच कोरे राहिले असते.

विद्यार्थीमित्रहो, दोन आण्यांची वही एके काळी मोठी संपत्ती वाटे. आज वही सर्वांपाशी आहे. तिचे शेवटचे पान या आठवड्यासाठी राखून ठेवा. रोज एक ओळ पुरे: काय दिसले, कोठे दिसले, कोणत्या तारखेस. पालकांनाही आमची विनंती आहे की मूल हातात काही घेऊन आले तर पोते क्षणभर खाली ठेवावे आणि ते काय आहे हे त्याच्याबरोबर पाहावे. धान कोठारात जाईलच. पण मुलाचे कुतूहल एकदा विझले, तर ते पुन्हा पेटविणे फार कठीण.